तळहातावरील संगणक आणि दुरुस्तीचा अधिकार

खिशात मावणारे संगणक १९८०च्या दशकापासूनच विक्रीस येऊ लागले होते. तथापि टेबलावरच्या संगणकासाठी घडलेली एखादी सर्वसाधारण भाषा त्यांच्यावर आणून बसवावी आणि तिच्यात लिहिलेले प्रोग्राम तेथल्या तेथे चालवावेत, ही खटपट मुख्यतः १९९६ मध्ये आलेल्या पाम पायलटपासून ते २००६च्या सुमारास स्मार्टफोनांनी अशा यंत्रांची जागा घेईपर्यंतच्या दहा वर्षांत झाली. या खटपटीच्या केंद्रस्थानी असलेल्या भाषांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. सी या भाषेतील मजकूर कंपायलर नावाच्या प्रोग्रामकडून एकदा यंत्रभाषेत उतरवून घेतला की तो मूळ मजकुराशिवाय स्वतंत्रपणे चालतो. याउलट पर्ल, पायथन, टीसीएल या भाषांत लिहिलेली फाइल जशीच्या तशी यंत्रावर राहते आणि इंटरप्रिटर नावाचा दुसरा प्रोग्राम ती वाचून तिच्यावर अंमल करत जातो. त्यामुळे सीमधील प्रोग्राम बदलायचा तर तो जेथे तयार झाला त्या संगणकाकडे परत जावे लागते, आणि स्क्रिप्ट बदलायची तर ती फाइल उघडून एक ओळ खोडली व दुसरी लिहिली की काम भागते. या सोयीची किंमत मात्र स्मृती, वेग आणि बॅटरी या तिन्ही खात्यांत मोजावी लागते, आणि पहिल्या पिढीच्या यंत्रांत ही तिन्ही खाती तोकडी होती.

भारतात सोय आणि किंमत यांचा हा प्रश्न सिंप्युटर या तळहातावरच्या यंत्राच्या निमित्ताने सर्वांत ठळकपणे पुढे आला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी सिंप्युटर ट्रस्ट स्थापन करून एप्रिल २००१ मध्ये या यंत्राचा नमुना लोकांपुढे ठेवला. २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२ ते ६४ मेगाबाइट कार्यकारी स्मृती, ३२० गुणिले २४० ठिपक्यांचा स्पर्शपडदा, लिनक्स ही खुली कार्यप्रणाली आणि स्मार्टकार्ड वाचण्याची खाच, अशी त्याची घडण होती; कार्डावर प्रत्येकाची माहिती वेगळी राहावी आणि एकच यंत्र गावात अनेकांनी आळीपाळीने वापरावे, हा त्यामागचा विचार होता. सुमारे नऊ हजार रुपयांत हे यंत्र देण्याचा संकल्प होता. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने ‘अमिडा’ या नावाने ते साधारण दहा हजार रुपयांपासून पुढे विक्रीस आले, आणि ज्या प्रमाणावर ते खपावे अशी अपेक्षा होती त्याच्या जवळपासही न जाता काही हजारांवर थांबले. गोव्यात डेम्पो उद्योगसमूहाने खाणीपासून बंदरापर्यंतच्या लोहखनिजाच्या वाहतुकीची नोंद ठेवण्यासाठी आणि मुंबईत महिंद्र अँड महिंद्रने वाहनांच्या इंजिनांची तपासणी करण्यासाठी त्याचा उपयोग केला. म्हणजे ग्रामीण माणसासाठी कल्पिलेले यंत्र अखेर प्रामुख्याने संस्थांच्या हाती गेले.

सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने या इतिहासाला विशेष अर्थ आहे. येथे मराठीच्या बरोबरीने शहराच्या विणकर वस्त्यांतून तेलुगू, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांच्या गावांतून कन्नड, आणि अनेक मोहल्ल्यांतून दख्खनी उर्दू रोज बोलली जाते. जिल्ह्यात राज्यातील सर्वाधिक साखर कारखाने आहेत, आणि त्या कारखान्यांच्या शेतकी विभागाचे काम बांधावर उभे राहून, म्हणजे तळहातावरच्या यंत्राची खरी गरज जेथे आहे तेथेच, चालते. पुढील संवादातील दोन्ही वक्ते कल्पित आहेत. एक लहान यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यात आयुष्य घालवलेला सोलापूरचा अभियंता आहे आणि दुसरे अक्कलकोट तालुक्यातील प्राथमिक शाळेचे संगणकप्रेमी गुरुजी आहेत. त्यांच्या बोलण्यातील यंत्रे, वर्षे आणि तांत्रिक अडचणी मात्र वास्तव आहेत. ऊसनोंदीचे उदाहरण तेवढे समजुतीसाठी घेतले आहे.

अभियंता : गुरुजी, आधी हिशेब मांडू, भावना नंतर पाहू. शार्पच्या झॉरस एसएल-५५०० या २००२ च्या यंत्रात काय किंवा कॉम्पॅकच्या आयपॅकमध्ये काय, कायम टिकणारी फ्लॅश स्मृती अवघी १६ मेगाबाइट, आणि तिच्यातला मोठा भाग कार्यप्रणालीनेच व्यापलेला. पायथनचा इंटरप्रिटर सुमारे एक मेगाबाइटचा, त्याच्यासोबत येणाऱ्या तयार प्रोग्रामांचा संच आणखी काही मेगाबाइटचा. हेच काम सीमध्ये केले तर शे-दीडशे किलोबाइटमध्ये आटोपते आणि कित्येक पटींनी लवकर होते. ज्या यंत्राला जागा आणि बॅटरी दोन्ही पुरत नाहीत, त्याच्या डोक्यावर हे ओझे ठेवण्याचे प्रयोजन काय?

गुरुजी : साहेब, हिशेब बरोबर आहे, पण तो यंत्राच्या बाजूने मांडलेला आहे. माणसाच्या बाजूनेही एकदा मांडून पाहावा. कारखान्याचा चिटबॉय घ्या. तो शेतकऱ्याचे नाव, गटनंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख लिहून घेतो. त्यावरून शेतकी विभाग तोडणीचा प्रोग्राम ठरवतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू या लागणींचा ऊस आणि तोडणीनंतर पुन्हा फुटलेला खोडवा यांचे पक्व होण्याचे महिने वेगळे. आता समजा, पाणी तुटल्यामुळे अमुक गटातला खोडवा आधी उचलायचे ठरले. आपल्या सीमधल्या प्रोग्रामात हा नियम घालायला किती दिवस लागतील?

अभियंता : नियम घालायला दहा मिनिटे. पण तो प्रोग्राम स्ट्राँगआर्मसाठी पुन्हा कंपाइल करणे, तपासणे आणि प्रत्येक यंत्र मागवून त्यावर चढवणे, यांत आठवडा सहज जाईल.

गुरुजी : त्या आठवड्यात उसाला तुरे फुटतील, आणि शेतकऱ्याचे वजन घटेल.

या पहिल्याच देवाणघेवाणीत वादाचा खरा विषय स्पष्ट होतो. इंटरप्रिटर जड आहे की हलका, यावर दोघांचे दुमत नाही. दुमत आहे ते बदल करणारा माणूस यंत्रापासून किती अंतरावर असावा यावर. मात्र त्याकडे वळण्याआधी स्क्रिप्टिंग भाषा यंत्रावर बसवणे त्या काळी प्रत्यक्षात कसे होते, हे पाहणे आवश्यक आहे. कारण गुरुजींच्या बाजूचा युक्तिवाद ज्या सोयीवर उभा आहे, ती सोय मिळवण्याची वाट मुळीच सोपी नव्हती.

पामच्या यंत्रांत नेहमीच्या अर्थाने फाइल ही वस्तूच नव्हती. सारी माहिती नोंदींच्या स्वरूपात राहत असे, आणि एक नोंद ६४ किलोबाइटपेक्षा मोठी असू शकत नसे. पायथन १.५.२ वर आधारलेली ‘पिपी’ नावाची आवृत्ती पामसाठी तयार झाली, तेव्हा तिच्यातून अपूर्णांकांचे गणित आणि फाइलींची हाताळणी यांसारखे भाग वगळावे लागले. विंडोज सीई या कार्यप्रणालीवर अडचणींचे स्वरूप निराळे होते. कॅसिओच्या यंत्रात मिप्स, ह्यूलेट-पॅकार्डच्या जॉर्नाडात एसएच-३ आणि आयपॅकमध्ये आर्म अशा तीन जातींचे प्रोसेसर असल्यामुळे इंटरप्रिटरही तीन प्रकारांनी तयार करून ठेवावा लागे, आणि घेणाऱ्याला आपल्या यंत्राच्या पोटात काय आहे ते ठाऊक असावे लागे; पॉकेट पीसी २००२ या तिच्या आवृत्तीपासून केवळ आर्म उरल्यावर ही झंझट संपली. त्या कार्यप्रणालीत ‘सध्याचे फोल्डर’ ही कल्पनाच नव्हती. त्यामुळे टेबलावरच्या संगणकावर बिनतक्रार चालणारी स्क्रिप्ट शेजारच्या फोल्डरातली फाइल मागू लागली की अडखळे, आणि प्रत्येक ठिकाणी मुळापासूनचा पूर्ण पत्ता लिहावा लागे. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे या यंत्रांवर नंतर बसवलेले प्रोग्राम तात्पुरत्या स्मृतीतच राहत, आणि बॅटरी पूर्ण उतरली की इंटरप्रिटर, स्क्रिप्ट आणि जमवलेल्या नोंदी सारे एकदम नाहीसे होई. ग्रामीण महाराष्ट्रात ज्या वर्षांत भारनियमनाचे तास वाढत होते, त्याच वर्षांतली ही यंत्रे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे हा दोष केवढा मोठा होता ते कळते.

लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांनी यातल्या बऱ्याच अडचणी दूर केल्या, आणि काही नव्या आणल्या. झॉरसवर प्रोग्राम पुडक्यांच्या रूपाने बसत; पायथनही गाभा आणि पूरक भाग असा तुकड्यांत मिळे, म्हणजे ज्याला जेवढे हवे त्याने तेवढेच घ्यावे. जागा वाचवण्यासाठी ही पुडकी मेमरी कार्डावर ठेवावीत तर कार्डे फॅट या पद्धतीने आखलेली असत, आणि त्या पद्धतीत एका फाइलकडे दुसऱ्या नावाने बोट दाखवणारा दुवा ठेवता येत नाही. परिणामी बसवणे पुरे झाल्याचा संदेश येई आणि प्रोग्राम मात्र सापडत नसे. उपाय म्हणून कार्ड लिनक्सच्या ईएक्सटी२ पद्धतीने नव्याने आखावे लागे, आणि मग तेच कार्ड विंडोजच्या संगणकात वाचता येत नसे. ज्यांना तयार पुडके मिळत नसे त्यांनी इंटेलच्या संगणकावर बसून आर्मसाठी पायथन घडवायचा, ज्याला क्रॉस-कंपाइल करणे म्हणतात. त्यात एक मोठी गोम होती. पायथन घडत असताना मध्येच ‘पीजेन’ नावाचा एक छोटा प्रोग्राम तयार होतो आणि तो भाषेच्या व्याकरणाचे तक्ते बनवतो. पण तो आर्मसाठी घडलेला असल्यामुळे इंटेलच्या संगणकावर चालूच शकत नाही. म्हणून आधी सबंध पायथन टेबलावरच्या संगणकासाठी घडवायचा, त्यातला पीजेन बाजूला काढायचा, आणि मग दुसऱ्या खेपेस आर्मसाठी घडवताना तो हाताशी ठेवायचा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे.

अभियंता : म्हणजे ज्याने हे सारे निस्तरले तो चिटबॉय नव्हे, गुरुजी. तो अभियंताच. मग अंतर कोठे कमी झाले?

गुरुजी : ते काम एकदाच करायचे आहे, साहेब. आपल्या सोलापुरात चादरीचा माग बसवायला कारागीर लागतो. पण माग बसल्यावर नक्षी बदलायची तर मागाचा सांगाडा कोणी बदलत नाही. जॅकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलली की तोच माग मोराऐवजी कमळ विणतो. इंटरप्रिटर म्हणजे बसवलेला माग, आणि स्क्रिप्ट म्हणजे पुठ्ठ्यांची माळ.

अभियंता : दाखला चांगला आहे, पण तो पुरा सांगा. पुठ्ठ्याला भोके पाडणारा निराळा असतो. त्याला ताण्याचे धागे मोजता येतात, नक्षीचा आलेख वाचता येतो. विणकर दुपारच्या पाळीत आपल्या मनाने भोके पाडत नाही, आणि पाडू लागला तर चादर वाया जाते.

गुरुजी : अगदी खरे. पण तो भोके पाडणारा याच शहरात असतो, विणकराची भाषा बोलतो, आणि सकाळी सांगितलेले त्याला संध्याकाळपर्यंत उमगते. मागणी एवढीच आहे, की नियम लिहिणारा तितक्या जवळ असावा. प्रत्येक चिटबॉयने प्रोग्राम लिहावा असे कोणाचेही म्हणणे नाही.

येथे अभियंत्याने दाखल्यातली उणीव दाखवून दिल्यामुळे गुरुजींची भूमिका अधिक नेमकी झाली आहे. सुरुवातीला ‘वापरणाऱ्याचा अधिकार’ असे जे ढोबळ रूप तिला होते, ते मागे पडून आता ‘वापरणाऱ्याच्या जवळच्या जाणकाराचा अधिकार’ असे तिचे रूप झाले. सिंप्युटरच्या कर्त्यांनीही हा मधला माणूस काही प्रमाणात गृहीत धरला होता. त्यांनी आयएमएल ही खुणांची भाषा रचली. तिच्यात चित्रे, उच्चारून दाखवण्याचा मजकूर आणि स्मार्टकार्डावरच्या माहितीचा वापर असलेली पाने लिहिता येत, आणि अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती वापरता यावीत म्हणून लेखी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे ‘ध्वनी’ हे सॉफ्टवेअर याच प्रकल्पातून निघाले. यंत्राचा आराखडाही त्यांनी अशा परवान्याखाली खुला केला, की कोणी त्यात सुधारणा करून विकली तर वर्षभरानंतर ती सुधारणा ट्रस्टला परत मिळावी. ही दृष्टी फार उदार होती आणि तिचे श्रेय तिला मिळायलाच हवे. तथापि यंत्र बनवणाऱ्याला बदल करण्याची मुभा जितकी मिळाली तितकी ते वापरणाऱ्या गावाला मिळाली नाही. खुणांच्या भाषेत पान मांडता येते, पण खोडव्याचा क्रम लावता येत नाही.

अभियंता : बरे, नियमाचे सोडा, गणिताकडे या. स्ट्राँगआर्ममध्ये अपूर्णांकांच्या गणितासाठी वेगळे यंत्रांगच नाही. दशांश चिन्ह आले की कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, त्या अंगाची नक्कल करत बसावे लागते, आणि यंत्राचा जीव जातो. आपल्या स्क्रिप्टमध्ये क्षेत्र हेक्टरमध्ये लिहिले की झालेच.

गुरुजी : ती अडचण शेतकऱ्यानेच सोडवून ठेवली आहे. सातबाऱ्यावर शून्य दशांश चाळीस हेक्टर असे लिहिलेले असले तरी बोलताना माणूस चाळीस आर म्हणतो. क्षेत्र आरमध्ये, वजन किलोत, पैसा पैशांत, असे धरले तर सारे पूर्णांक. दशांश चिन्ह फक्त छापताना घालायचे. हजारभर नोंदींचा क्रम लावायला पायथनला दोन सेकंद लागले काय आणि सीला त्याचा एक अंशही लागला नाही काय, बांधावर उभ्या माणसाला त्याचे काही नाही.

अभियंता : पूर्णांकांचे मान्य. पण सुरू होताना लागणाऱ्या वेळाचे काय? इंटरप्रिटर दाबून ठेवलेल्या फ्लॅशमधून उलगडून घ्यायचा, मग स्क्रिप्टचे बाइटकोड करायचे. त्यावर एकच उपाय आहे : बाइटकोडच्या फाइली आधी तयार करून त्या तेवढ्याच यंत्रावर ठेवायच्या आणि मूळ फाइली काढून टाकायच्या. जागाही वाचते आणि वेळही.

गुरुजी : नेमकी तीच गोष्ट होऊ देऊ नये.

बाइटकोड म्हणजे मूळ मजकूर आणि यंत्रभाषा यांच्या मधले, इंटरप्रिटरला झटपट वाचता येणारे रूप. पायथन ते पहिल्या खेपेस स्वतःच तयार करून शेजारी ठेवतो, म्हणजे पुढच्या खेपेस तेच वाचावे. पण फाइलव्यवस्था केवळ वाचण्यापुरती असेल, जशी त्या काळी क्रॅमएफएस या पद्धतीत असे, तर ते ठेवता येत नाही आणि प्रत्येक वेळी तेच काम नव्याने करावे लागते. म्हणून अभियंत्याचा सल्ला तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु बाइटकोड माणसाला वाचता येत नाही. मूळ फाइल काढून टाकली की स्क्रिप्ट आणि कंपाइल केलेला प्रोग्राम यांत वापरणाऱ्याच्या दृष्टीने काहीच फरक उरत नाही, आणि इंटरप्रिटरचे ओझे वाहण्याचे जे एकमेव समर्थन होते ते गळून पडते. काही शे किलोबाइट वाचवण्यासाठी दिलेली ही किंमत अवाजवी आहे. या एका मुद्द्यावर प्रस्तुत लेखाचा कल निःसंदिग्धपणे गुरुजींकडे आहे.

गुरुजी : जवळचा माणूस का हवा, हे नियमापेक्षा लिपीत अधिक स्पष्ट दिसते. आमच्या तालुक्यात मराठी याद्या येतात, आणि कित्येक घरांत वाचणारी मुले कन्नड माध्यमाची. यादी कन्नड लिपीत उतरवायची आहे. पायथनमध्ये २००० सालच्या २.० या आवृत्तीपासून युनिकोड, म्हणजे निरनिराळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, आले. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्की या भारतीय मानकावरून घेतली, म्हणून देवनागरीतला क आणि कन्नडमधला क आपापल्या तक्त्यात एकाच जागी बसतात. देवनागरीच्या अक्षरक्रमांकात ८९६ मिळवले की कन्नड अक्षर मिळते, ७६८ मिळवले की तेलुगू. मराठीचा ळसुद्धा नीट जागेवर येतो. सगळी स्क्रिप्ट पाच-सहा ओळींची.

अभियंता : हे सीमध्येही पाच-सहाच ओळींत होते.

गुरुजी : होते, आणि दोन्हीकडे सारखेच चुकते. चूक कोणाला दिसते, हा प्रश्न आहे. ‘डॉक्टर’ घ्या. त्यातल्या ऑ या स्वरचिन्हात ८९६ मिळवले तर कन्नडच्या तक्त्यात तेथे रिकामी जागा आहे. पडद्यावर चौकोन उमटतो. ‘शेतकऱ्याचे’ घ्या. त्यातल्या ऱ साठी कन्नडमध्ये अक्षर मिळते खरे, पण ते जुन्या कन्नडचे, आता वापरातून गेलेले. चौथीतल्या पोराला ते वाचता येणार नाही. आणि ‘सोलापूर’ जसेच्या तसे उतरवले तर कन्नड वाचणारा शेवटच्या र मध्ये अ मिसळून ‘सोलापूर’चे ‘सोलापूरा’सारखे काहीतरी म्हणतो, कारण मराठी शेवटचा अ गिळते आणि कन्नड गिळत नाही. म्हणून शेवटी हलन्ताची खूण लावायची. पण ‘मित्र’ला ती लावायची नाही.

अभियंता : हे अपवाद आधीच लिहून दिले असते तर घातले असते.

गुरुजी : आधी कोणाला सुचणार होते, साहेब? यादी वाचताना मुलगा अडखळला तेव्हा कळले. त्या क्षणी फाइल उघडली, ऑच्या जागी साधा काना, ऱच्या जागी साधा र, अशा दोन ओळी वाढवल्या आणि यादी पुन्हा काढली. हीच चूक बंगळूर-पुण्याकडे कळवून, दुरुस्त होऊन, यंत्रावर चढून येईपर्यंत मुलगा पाचवीत गेला असता.

हे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘सोलापूर’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबाने त्यात सात चिन्हे आहेत. आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे यंत्रावर तो २१ बाइट जागा घेतो, तर भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या इस्की पद्धतीत तोच शब्द सात बाइटांत मावतो. ज्या यंत्रात प्रत्येक किलोबाइटची चणचण आहे, त्यावर नावांची यादी तिप्पट फुगणे ही अभियंत्याच्या दृष्टीने खरी अडचण आहे, आणि तिला भावनिक उत्तर देऊन भागत नाही. शिवाय अक्षर साठवणे आणि ते पडद्यावर जोडाक्षरासह नीट उमटवणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम इंटरप्रिटरने सोपे केले, तरी दुसऱ्यासाठी त्या काळच्या बहुतेक छोट्या यंत्रांत भारतीय लिप्यांची पुरेशी तजवीज नव्हती, आणि ती तजवीज गावातल्या कोणाला पाच-सहा ओळींत करता येण्यासारखी नव्हती. म्हणजे जवळच्या जाणकाराच्या सामर्थ्यालाही एक मर्यादा होती, आणि ती मर्यादा सॉफ्टवेअरच्या अशा थरात होती जेथे केवळ सीचा अभियंताच पोचू शकत होता.

अभियंता : एवढे म्हणालात, तर आता दुसरी बाजू ऐकावी. शेतकी विभागाकडे चाळीस यंत्रे आहेत असे धरा. प्रत्येकावर स्क्रिप्ट उघडी. एकाने खोडव्याचा नियम बदलला, दुसऱ्याने उसाच्या जातीप्रमाणे क्रम लावला, तिसऱ्याने भावकीतल्या माणसाचा गट वर घेतला. हंगाम संपल्यावर शेतकरी विचारतो, शेजाऱ्याचा ऊस आधी का गेला? उत्तर कोणाकडे मागायचे? बंद प्रोग्रामात निदान एक गोष्ट असते, चाळीसही यंत्रे एकच उत्तर देतात.

गुरुजी : हा आक्षेप खरा आहे.

अभियंता : याच कारणासाठी मोठ्या कंपन्यांनी पुढे दारे बंद केली. नोकियाने २००४ च्या अखेरीस आपल्या सीरीज ६० फोनांसाठी पायथन दिला. कोणीही फाइल लिहावी आणि फोनवर चालवावी. २००६ च्या सुमारास त्याच मालिकेची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा फोनमधल्या नाजूक गोष्टींना हात लावणाऱ्या प्रोग्रामवर मान्यताप्राप्त डिजिटल स्वाक्षरी लागू लागली. लोकांना जाच वाटला, पण फोनमध्ये माणसाचे पैसे आणि पत्ते असतात.

गुरुजी : स्वाक्षरीला विरोध नाही. ती कोणाची असावी, याबद्दल बोलू. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याने नियमाच्या फाइलवर सही करावी आणि चाळीसही यंत्रांनी ती सही तपासावी, याला कोणाचीच हरकत असणार नाही. पण ती सही परदेशातून आणावी लागत असेल, तर ती सुरक्षेसाठी आहे असे गावाला कसे पटवायचे?

या ठिकाणी वाद पहिल्यांदा तोडग्याजवळ येतो, आणि तो तोडगा दोघांनाही आधी सुचलेला नव्हता. ज्या बदलाने कोणाच्या पदरात काय पडते हे ठरते, उदाहरणार्थ तोडणीचा क्रम किंवा देयकाची रक्कम, तो बदल जवळच्या पण जबाबदार अधिकाऱ्याच्या संमतीनेच व्हावा. आणि ज्या बदलाने कोणाचे नुकसान होत नाही, केवळ वाचणे-समजणे सुधारते, उदाहरणार्थ लिपी उतरवण्याचा तक्ता, तो यंत्र हातात असलेल्या माणसाला करता यावा. अशी विभागणी दोन फाइलींनी सहज साधते. त्या काळच्या यंत्रांना ती पेलली असती. स्क्रिप्ट आणि तिची आधारसामग्री वेगळ्या ठेवणे ही तर या भाषांची नेहमीचीच रीत आहे.

अभियंता : दोन फाइली ठीक. पण लिपीचा तक्ता मोकळा सोडला तरी अक्कलकोटचा तक्ता एक, दक्षिण सोलापूरचा दुसरा, आणि पद्मशाली विणकर वस्तीतला तेलुगू तक्ता तिसरा होणारच. ‘मित्र’ आणि ‘सोलापूर’ यांचा निवाडा प्रत्येक गुरुजी आपापल्या कानाने करणार. ते एकत्र कोणी आणायचे?

गुरुजी : प्रत्येक तक्त्याच्या पहिल्या ओळीत गावाचे नाव, तारीख आणि कोणत्या शब्दावरून बदल केला तो शब्द लिहायचा. पायथनमध्ये त्या ओळीपुढे एक खूण टाकली की इंटरप्रिटर ती वाचत नाही, माणूस मात्र वाचतो. मग शाळांच्या केंद्रप्रमुखांच्या मासिक बैठकीला सारे तक्ते समोर ठेवायचे आणि जे शब्द दोन गावांत वेगळे उतरले तेवढेच बोलायचे.

अभियंता : बैठकीत मतभेद मिटला नाही तर?

गुरुजी : तर दोन्ही नोंदी ठेवायच्या, आणि यंत्राला गावाच्या नावावरून निवडू द्यायचे. तो एक ‘जर’ लिहायला मात्र आपली मदत लागेल, साहेब; कारण तो इंटरप्रिटर सुरू होतानाच वाचला गेला पाहिजे, आणि त्या वेळाबद्दलची आपली तक्रार अजून तशीच उभी आहे.